विश्लेषण : पंचांगातला ‘हर्षल’ भावाचा, आठ धूमकेतू बहिणीचे... कोण होत्या कॅरोलिन हर्शेल?

मराठी पंचांगातल्या ग्रहांच्या कोष्टकात रवी, चंद्र, मंगळ यांच्या जोडीला हर्षल हे नाव असते. हर्षल म्हणजे युरेनस ग्रह. तो १७८१ मध्ये शोधणारे विल्यम हर्शेल यांच्या आडनावावरून हे नाव आपल्याकडे रूढ झाले. विल्यम यांच्या प्रत्येक दुर्बिणीमागे आणि जवळपास प्रत्येक नोंदीमागे त्यांची धाकटी बहीण कॅरोलिन होती, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. कॅरोलिन यांना पाढे कधीच पाठ झाले नाहीत. तरीही त्यांनी हजारो आकाशस्थ वस्तूंची गणिते केली आणि फावल्या वेळात आठ धूमकेतू शोधले. विज्ञानाच्या कामासाठी नियमित पगार मिळालेली इंग्लंडमधील पहिली महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. घरकामासाठी राखून ठेवलेली मुलगी इथवर कशी पोहोचली?

बालपण कसे होते?

कॅरोलिन ल्युक्रेशिया हर्शेल यांचा जन्म १६ मार्च १७५० रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरात झाला. वडील आयझॅक लष्करी बँडमध्ये वादक होते. दहा भावंडांपैकी सहाच जगली. कॅरोलिन आठव्या. लहानपणी देवी आल्या आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. दहाव्या वर्षी टायफसचा ताप आला. त्यानंतर त्यांची उंची वाढायची थांबली. त्या जेमतेम ४ फूट ३ इंचांवर राहिल्या आणि डाव्या डोळ्याची दृष्टीही अधू झाली.

हिचे लग्न काही व्हायचे नाही, असा घरच्यांचा हिशेब झाला. आई ॲना यांनी त्यावरून पुढचा निष्कर्ष काढला, की ही मुलगी आयुष्यभर घर सांभाळेल. मुलगे शिकले आणि परदेशी गेले, असा आईचा अनुभव होता. त्यामुळे मुलीला गरजेपुरते लिहिता-वाचता आले की पुरे, फ्रेंच आणि संगीत नको, असे त्यांचे मत होते. भावांसाठी मोजे विणणे, धुणे आणि स्वयंपाक ही कॅरोलिन यांची कामे. आईला लिहिता येत नसे. त्यामुळे घरची पत्रे कॅरोलिन लिहीत. शेजारच्या बायकाही लष्करी छावणीत असलेल्या नवऱ्यांना पत्रे लिहून घ्यायला त्यांच्याकडे येत.

वडिलांचा स्वभाव वेगळा होता. आई घरात नसली की ते मुलीला व्हायोलिन शिकवत. एका निरभ्र रात्री त्यांनी तिला रस्त्यावर नेऊन तारकासमूह दाखवले. त्या वेळी आकाशात एक धूमकेतूही दिसत होता. १७६७ मध्ये वडील गेले आणि घरातला हा एकमेव आधारही गेला.

इंग्लंडला जाणे कसे जमले?

बारा वर्षांनी मोठे असलेले विल्यम १७५७ मध्येच इंग्लंडला गेले होते. बाथ या शहरात ते एका चॅपलमध्ये ऑर्गनवादक होते, शिकवण्या घेत होते आणि संगीतरचनाही करत होते. बहिणीचा आवाज चांगला असेल तर ती आपल्या कार्यक्रमांत गाऊ शकेल, असा विचार करून त्यांनी तिला न्यायचे ठरवले. आईची परवानगी फुकट मिळाली नाही. कॅरोलिन यांच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून विल्यम यांनी आईला दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले. त्यानंतरच ऑगस्ट १७७२ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, कॅरोलिन घराबाहेर पडल्या.

बाथमध्ये त्यांचे दिवस गच्च भरलेले होते. सकाळी न्याहारीच्या टेबलावर विल्यम इंग्रजी आणि हिशेब शिकवत. त्यानंतर गाण्याचा रियाझ, मग बाजारहाट आणि घरखर्चाच्या नोंदी. काही वर्षांत त्या हँडेल यांच्या ‘मसाया’सारख्या रचनांमध्ये मुख्य गायिका म्हणून गाऊ लागल्या. बर्मिंगहॅमच्या महोत्सवात गाण्याचे निमंत्रणही आले. आपल्या भावाखेरीज दुसऱ्या कुणाच्या संचालनाखाली गाणार नाही, असे सांगून त्यांनी ते नाकारले. गायिका म्हणून स्वतंत्र कमाई करण्याची ती मोठी संधी होती.

घराचा कारखाना कसा झाला?

याच काळात विल्यम यांना खगोलशास्त्राचे वेड लागले. विकतच्या दुर्बिणी महाग होत्या आणि त्यांना हव्या त्या ताकदीच्या नव्हत्या. म्हणून त्यांनी आरसे घरीच बनवायला घेतले. तेव्हा दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत, तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. हा धातू वितळवून साच्यात ओतायचा, थंड झाल्यावर घासायचा आणि मग तासन्‌तास पॉलिश करायचा. साचे घोड्याच्या लिदीचे असत. ती लीद कुटून चाळणीतून गाळायचे काम कॅरोलिन यांच्या वाट्याला आले.

पॉलिश करताना हात थांबला तर आरशाचा आकार बिघडण्याची भीती असे. एकदा विल्यम सलग १६ तास आरशावरून हात न काढता बसले होते आणि कॅरोलिन त्यांना घास भरवत होत्या. १७८१ मध्ये एक मोठा आरसा ओतताना भट्टीला गळती लागली. वितळलेला धातू दगडी फरशीवर पसरला, फरशीचे तुकडे उडाले आणि सगळ्यांना जीव वाचवून पळावे लागले. ही भट्टी होती राहत्या घराच्या तळमजल्यावर.

त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री, ७ फुटी दुर्बिणीतून विल्यम यांना एक तारा इतरांपेक्षा ठसठशीत दिसला. ठिपक्याऐवजी त्याला तबकडीसारखा आकार होता. विल्यम यांना तो धूमकेतू वाटला आणि त्यांनी तसेच कळवले. इतर खगोलशास्त्रज्ञांनी कक्षेचे गणित केल्यावर तो शनीच्या दुप्पट अंतरावरचा नवा ग्रह असल्याचे स्पष्ट झाले. एका संगीतकाराने सूर्यमालेची ज्ञात हद्द दुप्पट केली होती.

राजे तिसरे जॉर्ज यांनी १७८२ मध्ये विल्यम यांना वर्षाला २०० पौंडांची नेमणूक दिली. संगीत थांबले आणि भावंडे विंझरजवळच्या डॅचेट गावी राहायला गेली. घर ओलसर होते आणि छत गळत होते. दुर्बिणींसाठी मोकळी जागा मात्र भरपूर होती. कॅरोलिन यांचे गाणे इथे कायमचे सुटले. तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या. त्यांना यातला पर्याय कुणी विचारल्याची नोंद नाही.

रात्रीचे काम नेमके कसे चालायचे?

विल्यम यांनी २० फुटी दुर्बिणीने संपूर्ण आकाश पट्ट्यापट्ट्यांत तपासण्याची मोहीम १७८३ मध्ये सुरू केली. ती १८०२ पर्यंत चालली आणि तिच्यातून सुमारे २,५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छांची यादी तयार झाली. या मोहिमेत कॅरोलिन यांची भूमिका काय होती, हे समजण्यासाठी डोळ्याचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो. दिव्याकडे एकदा पाहिले की ही तयारी वाया जाते. म्हणजे जो दुर्बिणीतून पाहतो त्याने लिहायला बसणे परवडत नाही.

म्हणून विल्यम उंच मचाणावर दुर्बिणीपाशी उभे राहत आणि कॅरोलिन जवळच्या खिडकीत मेणबत्ती, घड्याळ आणि ताऱ्यांचे नकाशे घेऊन बसत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दुर्बिणीसमोरून सरकत जाई. विल्यम दिसलेल्या वस्तूचे वर्णन ओरडून सांगत. कॅरोलिन ते लिहून घेत, त्या क्षणाची वेळ आणि दुर्बिणीची उंची नोंदवत आणि ऐकलेले बरोबर आहे ना, हे परत वाचून दाखवत. वेळेवरून आणि उंचीवरून वस्तूचे आकाशातले स्थान काढता येते. ते गणित दुसऱ्या दिवशी कॅरोलिन करत. पक्की प्रतही त्याच लिहीत. पाढे पाठ नसल्याने गुणाकाराचा तक्ता त्या कायम जवळ बाळगत.

हिवाळ्यात दौतीतली शाई गोठायची. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री जमिनीवर फूटभर वितळता बर्फ होता. दुर्बिणीची जागा बदलण्यासाठी भावाने घाईने हाक मारली. धावताना कॅरोलिन घसरल्या आणि यंत्राच्या लोखंडी हुकाने त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या वर मांडीत घाव केला. त्यांना सोडवताना मांसाचा तुकडा हुकालाच राहिला. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी समाधान कशाचे मानले, तर त्या रात्री नंतर आकाश ढगाळले आणि भावाचे निरीक्षण बुडाले नाही याचे.

धूमकेतू शोधायचा कसा?

१७८२ मध्ये विल्यम यांनी बहिणीला एक छोटी दुर्बीण दिली आणि स्वतंत्रपणे आकाश तपासायला सांगितले. पुढच्या वर्षी त्यांनी खास धूमकेतूंच्या शोधासाठी दुसरी दुर्बीण बनवून दिली. तिच्या आरशाचा व्यास ४.२ इंच होता आणि ती वस्तू सुमारे २४ पट मोठी दाखवे. आजच्या अनेक हौशी निरीक्षकांकडे यापेक्षा मोठी दुर्बीण असते.

वर्धन इतके कमी ठेवण्यामागे कारण होते. धूमकेतू कुठे असेल हे आधी माहीत नसते. त्यामुळे एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा दिसणे महत्त्वाचे. कॅरोलिन यांच्या दुर्बिणीतून दोन अंशांहून थोडा अधिक भाग दिसे, म्हणजे चार पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील इतका. दुर्बीण क्षितिजापासून हळूहळू वर न्यायची, किंचित बाजूला सरकवायची आणि पुन्हा खाली आणायची. झाडू मारल्यासारखे आकाश साफ करत जायचे.

खरी अडचण यापुढची. शेपूट फुटण्याआधी धूमकेतू म्हणजे नुसता धुरकट डाग असतो. आकाशात तसेच दिसणारे तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका भरपूर आहेत. याच गोंधळाला कंटाळून फ्रान्सचे धूमकेतूशोधक चार्ल्स मेसिए यांनी फसव्या डागांची यादी तयार केली होती. १७८१ च्या आवृत्तीत अशा १०३ वस्तू होत्या. यादीत नसलेला डाग दिसला तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो आजवर कुणी न नोंदवलेला तेजोमेघ आहे किंवा धूमकेतू आहे. फरक ओळखायची खूण एकच. धूमकेतू शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकतो, तेजोमेघ जागचा हलत नाही.

कॅरोलिन यांना सुरुवातीला न हलणारे डागच सापडले. १७८३ या एका वर्षात त्यांनी यादीत नसलेल्या अनेक वस्तू टिपल्या. त्यात बृहल्लुब्धकातील एनजीसी २३६० हा तारकागुच्छ आणि शिल्पकार तारकासमूहातील एनजीसी २५३ ही दीर्घिका होती. देवयानी दीर्घिकेची सोबतीण असलेली एम ११० ही दीर्घिकाही त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवली. मेसिए यांनी ती आधी पाहिली होती, पण प्रसिद्ध केली नव्हती. बहिणीच्या छोट्या दुर्बिणीला इतके नवे सापडते हे पाहून विल्यम यांनी मोठ्या दुर्बिणीने मोहीम हाती घेतली. ती मोहीम सुरू झाल्यावर कॅरोलिन यांच्या बहुतेक रात्री खिडकीत नोंदी घेण्यात जाऊ लागल्या. त्यांच्या स्वतःच्या निरीक्षणाला उरल्या त्या भाऊ घरी नसतानाच्या रात्री.

१ ऑगस्ट १७८६ रोजी काय घडले?

जुलै १७८६ मध्ये विल्यम राजाची भेट म्हणून एक दुर्बीण पोहोचवायला जर्मनीतील गॉटिंगेनला गेले. हर्शेल कुटुंब तेव्हा नुकतेच स्लाऊ येथे राहायला आले होते. घर, कारागीर, पाहुणे आणि अपुरी गणिते हे सगळे कॅरोलिन यांच्यावर होते. रात्र मात्र त्यांची स्वतःची होती.

१ ऑगस्टला दिवसभरात त्यांनी १०० तेजोमेघांची गणिते पूर्ण केली. रात्री दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा सप्तर्षीच्या खालच्या भागात एक धुरकट डाग दिसला. यादीत तो नव्हता. त्यांनी डाग आणि आसपासच्या ताऱ्यांची आकृती काढली. काही वेळाने पुन्हा काढली. आकाश धूसर असल्याने हालचाल खात्रीने सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. त्या दिवशी त्यांनी १५० तेजोमेघांची गणिते केली आणि वाट पाहिली. रात्री ढग हटले. १ वाजेपर्यंत डाग सरकल्याचे पक्के झाले.

धूमकेतूच्या शोधात बातमी लवकर कळवणे हा कामाचाच भाग असतो. उशीर झाला तर ढग येतात, चंद्रप्रकाश वाढतो आणि इतरांना पडताळणी करता येत नाही. कॅरोलिन झोपल्याच नाहीत. त्यांनी रॉयल सोसायटीचे सचिव चार्ल्स ब्लॅग्डन आणि खगोल निरीक्षक अलेक्झांडर ऑबर्ट यांना पत्रे लिहिली आणि मगच पाठ टेकली. काही दिवसांतच सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स आणि ब्लॅग्डन धूमकेतू पाहायला त्यांच्या घरी आले. त्यांचे पत्र सोसायटीच्या शोधपत्रिकेत छापले गेले. एका स्त्रीने शोधलेला धूमकेतू म्हणून त्याची मोठी चर्चा झाली.

५० पौंडांचे महत्त्व काय?

विल्यम तेव्हा ४० फूट लांबीची, ४ फूट व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभारत होते. तिच्यासाठी राजाकडे अनुदान मागताना त्यांनी सहायकाच्या पगाराचाही विषय काढला. बाहेरचा माणूस ठेवला तर त्याला जास्त द्यावे लागेल, बहीण कमी पगारात काम करेल, असा युक्तिवाद होता. राजाने कॅरोलिन यांना वर्षाला ५० पौंड मंजूर केले. भावाच्या नेमणुकीचा हा चौथा हिस्सा.

रक्कम लहान असली तरी अर्थ मोठा होता. ऑक्टोबर १७८७ मध्ये पहिल्या तिमाहीचे साडेबारा पौंड हातात आले, तेव्हा कॅरोलिन ३७ वर्षांच्या होत्या. आपल्या मर्जीने खर्च करता येतील असे आयुष्यातले हे पहिलेच पैसे, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्याआधीची १५ वर्षे त्या गायिका, घर सांभाळणारी, आरशांची मदतनीस, लेखनिक आणि गणिती होत्या. त्या सगळ्या कामाला पगारपत्रक नव्हते. ५० पौंडांमुळे त्या कामाला प्रथमच सरकारी दप्तरात नाव मिळाले.

डायरीची पाने का फाडली?

८ मे १७८८ रोजी विल्यम यांनी मेरी पिट या श्रीमंत विधवेशी लग्न केले. घराच्या किल्ल्या आणि कारभार वहिनींकडे गेला. कॅरोलिन जवळच भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या आणि तिथून रोज कामाला येऊ लागल्या. ज्या भावासाठी सर्व सोडले, त्याच्या घरात त्या आता बाहेरून येणाऱ्या सहायक होत्या.

त्या वेळी त्यांना काय वाटले, हे नेमके कळत नाही, कारण त्यांनी ते कळू दिले नाही. १७८८ ते १७९८ या दहा वर्षांच्या खासगी डायऱ्या त्यांनी पुढे स्वतःच नष्ट केल्या. नंतर मेरी यांच्याशी त्यांचे संबंध सुधारले. १७९२ मध्ये भाचा जॉन जन्मला आणि तो त्यांचा अत्यंत लाडका झाला. रागाच्या भरात लिहिलेले मागे राहू नये, असे त्यांना वाटले असावे. निरीक्षणांच्या वह्या मात्र त्यांनी जपून ठेवल्या. त्यामुळे त्या दहा वर्षांत आकाशात त्यांनी काय पाहिले ते आज माहीत आहे, घरात काय झाले ते नाही.

बाकीचे सात धूमकेतू कोणते?

आठपैकी सात धूमकेतू याच हरवलेल्या दशकातले आहेत. २१ डिसेंबर १७८८, मग १७९० मध्ये दोन, १७९१ मध्ये एक, १७९३ मध्ये एक, ७ नोव्हेंबर १७९५ आणि शेवटचा १४ ऑगस्ट १७९७. यातील १७९३ चा धूमकेतू मेसिए यांनी काही दिवस आधी पाहिला होता. १७९५ चा धूमकेतू नंतर फार महत्त्वाचा ठरला. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान एन्के यांनी १८१९ मध्ये गणिताने दाखवून दिले, की १७८६, १७९५, १८०५ आणि १८१८ मध्ये वेगवेगळ्या लोकांनी पाहिलेला धूमकेतू एकच आहे आणि तो दर ३.३ वर्षांनी सूर्याला फेरी मारतो. आज तो एन्केचा धूमकेतू म्हणून ओळखला जातो. कॅरोलिन यांची नोंद त्या साखळीतला एक दुवा होती.

शेवटचा धूमकेतू त्यांनी दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी पाहिला. पॅरिसमध्ये अलेक्सी बुव्हार यांनाही तो त्याच सुमारास दिसला होता. टपालावर विसंबून न राहता ४७ वर्षांच्या कॅरोलिन अपुऱ्या झोपेनंतर घोड्यावर बसल्या आणि २० मैलांहून जास्त अंतर कापून ग्रीनिच वेधशाळेत राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन यांना बातमी द्यायला गेल्या. सर्वाधिक धूमकेतू शोधणारी महिला हा त्यांचा विक्रम जवळपास दोनशे वर्षे टिकला. विसाव्या शतकात अमेरिकेच्या कॅरोलिन शूमेकर यांनी तो मागे टाकला.

धूमकेतूंपेक्षा मोठे काम कोणते?

खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने कॅरोलिन यांचे अधिक मोलाचे काम टेबलावर झाले. त्या काळी ताऱ्यांच्या स्थानांसाठी जॉन फ्लॅमस्टीड यांची १७२५ मध्ये प्रसिद्ध झालेली तारकासूची प्रमाण मानली जाई. तिचा एक दोष होता. मूळ निरीक्षणे एका खंडात आणि अंतिम सूची दुसऱ्या खंडात. दोन्हींत तफावत आढळली तर चूक कुठे झाली हे शोधायची सोय नव्हती. सुमारे २० महिने खपून कॅरोलिन यांनी दोन्ही खंड जोडणारी अनुक्रमणिका तयार केली. या छाननीत, निरीक्षण झालेले पण सूचीत यायचे राहून गेलेले ५६० हून अधिक तारे सापडले. मूळ पुस्तकातल्या चुकांची लांबलचक यादीही निघाली. १७९८ मध्ये रॉयल सोसायटीने हे काम स्वखर्चाने छापले.

दुसरे मोठे काम त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर केले. २५ ऑगस्ट १८२२ रोजी विल्यम वारले. दुःखाच्या भरात कॅरोलिन यांनी पन्नास वर्षांचा इंग्लंडमधला मुक्काम हलवला आणि त्या हॅनोव्हरला परतल्या. हा निर्णय चुकल्याचे त्यांना लवकरच कळले. नातेवाइकांशी सूर जुळेना. अरुंद गल्ल्या आणि उंच छपरांमुळे आकाशही दिसेना. निरीक्षण संपले, पण गणित करता येत होते.

भाचा जॉन तेव्हा वडिलांनी नोंदवलेले सर्व तेजोमेघ पुन्हा तपासू पाहत होता. अडचण अशी, की विल्यम यांच्या याद्या प्रकार आणि शोधाच्या क्रमानुसार होत्या. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र हवे असते, की या पट्ट्यात आता पुढे कोणती वस्तू येणार. कॅरोलिन यांनी सुमारे २,५०० वस्तू आकाशाच्या पट्ट्यांनुसार नव्याने मांडल्या आणि त्यांची स्थाने एका समान वर्षासाठी पुन्हा काढली. आजच्या भाषेत सांगायचे तर डेटा तोच, पण वापरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे त्याचे सॉर्टिंग केले. हजारो नोंदी, सगळे हाताने, वय ७५.

या सूचीच्या आधारे जॉन यांनी आकाश पुन्हा तपासले. १८६४ मध्ये त्यांनी ५,००० हून अधिक वस्तूंची सर्वसाधारण सूची प्रसिद्ध केली. तिचा विस्तार करून ड्रेयर यांनी १८८८ मध्ये न्यू जनरल कॅटलॉग तयार केला. जगभरातले निरीक्षक दीर्घिकांना आजही जे एनजीसी क्रमांक वापरतात, ते याच सूचीतले.

मान मिळाला का?

मिळाला, पण उशिरा. १८२८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तेजोमेघांच्या सूचीसाठी कॅरोलिन यांना सुवर्णपदक दिले. तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. हे पदक पुढे एखाद्या महिलेला मिळायला १९९६ साल उजाडले. त्या वर्षी ते व्हेरा रुबिन यांना देण्यात आले. १८३५ मध्ये सोसायटीने कॅरोलिन आणि गणितज्ञ मेरी सोमरव्हिल यांना मानद सदस्य केले. मानद, कारण स्त्रियांना नियमित सदस्यत्व नव्हते. ते १९१६ मध्ये खुले झाले. १८४६ मध्ये, ९६व्या वाढदिवशी, प्रशियाच्या राजाचे विज्ञानासाठीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले.

त्यांना स्वतःला हे कौतुक अवघड वाटे. आपण भावाच्या हातातले एक साधन होतो, असे त्या सांगत राहिल्या. इतिहासकारही बराच काळ त्यांचे हे म्हणणे जसेच्या तसे धरून चालले. वह्यांमधील पुरावा वेगळे सांगतो. धूमकेतूंच्या बाबतीत निरीक्षण, निर्णय आणि बातमी कळवणे हे सर्व त्यांचे स्वतःचे होते. पहिल्या धूमकेतूच्या वेळी तर भाऊ दुसऱ्या देशात होता.

धूमकेतू शोधणारी पहिली महिला असाही त्यांचा उल्लेख होतो. तो अचूक नाही. बर्लिनच्या मारिया किर्ख यांनी १७०२ मध्येच एक धूमकेतू शोधला होता. मात्र तो आधी त्यांच्या पतीच्या नावावर जाहीर झाला. कॅरोलिन यांचा शोध सुरुवातीपासून त्यांच्याच सहीने जगापुढे आला, हा दोघींमधला फरक.

९ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या ९७व्या वर्षी, हॅनोव्हरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे विल्यम यांच्या केसांची एक बट आणि वडिलांनी वापरलेले एक जुने पंचांग शवपेटीत ठेवण्यात आले.

त्यांचे आकाश महाराष्ट्रातून दिसते का?

इंग्लंडपेक्षा चांगले दिसते. एनजीसी २५३ ही दीर्घिका स्लाऊच्या आकाशात जास्तीत जास्त १३ अंश उंचीवर येते. तिथल्या धुक्यातून ती शोधणे किती कठीण गेले असेल, याचा अंदाज यावरून येतो. पुण्यातून तीच दीर्घिका सुमारे ४६ अंशांपर्यंत वर चढते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहराच्या दिव्यांपासून दूर, अंधाऱ्या जागी, साध्या द्विनेत्रीतूनही ती लांबट धुरकट पट्ट्यासारखी दिसू शकते. त्याच दिवसांत शर्मिष्ठेतील एनजीसी ७७८९ हा तारकागुच्छ पाहता येतो. हासुद्धा कॅरोलिन यांचाच शोध असून त्याला कॅरोलिनचा गुलाब म्हणतात. फेब्रुवारीत व्याध ताऱ्याच्या पूर्वेला एनजीसी २३६० असतो.

चंद्रावरही त्यांचे नाव आहे. पर्जन्य सागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गडद मैदानाच्या पश्चिम भागात सी. हर्शेल हे सुमारे १३ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. शुक्ल एकादशी-द्वादशीच्या सुमारास तिथे सकाळ होत असते आणि सावल्या लांब पडतात. तेव्हा लहान दुर्बिणीतून ते शोधता येते. चंद्राच्या नकाशात भाऊ आणि भाचा यांची विवरे बरीच मोठी आहेत.

राहता राहिला धूमकेतू. २१ डिसेंबर १७८८ ला कॅरोलिन यांनी पाहिलेला धूमकेतू १५० वर्षे कुणालाच दिसला नाही. जुलै १९३९ मध्ये फ्रान्सचे रोजे रिगोले यांना एक धूमकेतू सापडला. कक्षा मोजल्यावर तो कॅरोलिन यांचाच निघाला. ३५पी/हर्शेल-रिगोले या नावाने आज तो नोंदवलेला आहे. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला सुमारे १५५ वर्षे लागतात. तो २०९२ मध्ये परत सूर्याजवळ येईल. यादीतले त्याचे आडनाव त्या वेळीही हर्शेल असेल आणि ते भावाचे नसून बहिणीचे असेल.